चेंडू पडेल तेथून

आमच्या मंडळीतील एक तरुण सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मध्यंतरी कंपनीच्या बैठकीसाठी त्याला सह्याद्रीतील एका निसर्गरम्य ठिकाणी जावे लागले. तेथे डोंगरउतारावर गोल्फचे मैदान होते. वरिष्ठांनी आग्रह करून त्यालाही बरोबर घेतले. खेळ त्याला काय येणार? पण चार तास त्या हिरवळीवरून चालताना, एका बाजूला दरी आणि समोर उतरणारे ढग पाहताना त्याचे मन भरून आले. परत आल्यावर तरुण संघाच्या सभेत त्याने विचारले, "मला तेथे जो आनंद झाला, तो योग्य होता का? कारण त्याच वेळी मी मनात हिशेब करीत होतो, की आजच्या या खेळाच्या पैशांत आमच्या खात्यातल्या हेल्परचे घर किती दिवस चालेल."

सभेत त्याला दोन उत्तरे मिळाली. एक वडील म्हणाले, हा श्रीमंतांचा चोचला आहे, आपण त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरे म्हणाले, डोंगर देवाने केले, पाहून आनंद झाला तर उपकार मानावे आणि गप्प बसावे. दोन्ही उत्तरे झटपट होती, आणि दोन्हींनी तो तरुण जसा आला तसाच परत गेला.

गोल्फ आपल्यापैकी फारच थोडे खेळत असतील. मुंबईत चेंबूरला १९२७ सालचे मैदान आहे, पुण्यात येरवड्याला आहे, इकडे माळव्यात महूच्या लष्करी छावणीत आहे. पण आपला संबंध बहुधा कुंपणाबाहेरून पाहण्यापुरताच. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असे आम्हांस वाटते. थंड हवेच्या ठिकाणी नेलेली सहल, धरणाकाठचे शिबिर, इंदुरातले हिरवेगार 'मॅरेज गार्डन', जेथे आपल्याच मुलामुलींच्या लग्नाचे जेवण होते, या सर्वांना तोच प्रश्न लागू पडतो. सुंदर जागी सुख घेताना ती जागा सुंदर कशी राहिली, हे विचारायचे की नाही?

प्रथम पहिल्या उत्तराकडे वळू. खेळच वाईट, ही समजूत आपल्यात जुनी आहे. गोल्फचे माहेर स्कॉटलंड. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन त्याच देशाचे, आणि आमच्या इंदुरात १८७७ पासून काम करणारे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरीही त्याच परंपरेतले. त्या देशात १४५७ साली संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोहोंवर बंदी घातली होती. कारण धार्मिक नव्हते. लोक खेळात रमले तर युद्धासाठी तिरंदाजीचा सराव कोण करणार, ही राजाची काळजी होती. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत रविवारी उपदेशाच्या वेळी गोल्फ खेळताना सापडलेल्यांना मंडळीच्या वडिलांनी दंड केल्याच्या नोंदी आढळतात. पण त्या नोंदींत दोष खेळाचा नसून वेळेचा आहे. ज्या घटकेला सर्वांनी एकत्र बसायचे, त्या घटकेला हे लोक वाळूत चेंडू मारीत होते, एवढाच आरोप. सोमवारी त्यांनी काय केले, याची विचारपूस कोणी केली नाही. तेव्हा कडक म्हणून नावाजलेल्या त्या वडिलांनीसुद्धा जे म्हटले नाही ते आपण म्हणण्याचे कारण नाही.

आता खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या मते उत्तर खेळातच दडलेले आहे.

जगातले सर्वांत प्रसिद्ध मैदान स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी आहे. ते मुळात कोणी आखून बांधले नाही. समुद्रकाठची ती वाळूची जमीन, वर आखूड राठ गवत, खारा वारा. पीक येईना, म्हणून नांगर लागला नाही. तेथे गुरेमेंढरे चरत, ससे बिळे करीत, बायका कपडे वाळत घालीत. वाऱ्याने वाळूचे उंचवटे केले आणि मेंढ्यांनी आडोशाला बसून बसून खळगे पाडले, असे सांगतात. आज सगळीकडे मुद्दाम खणले जाणारे 'बंकर' ते हेच. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या जमिनीवरचा गावकऱ्यांचा हक्क नोंदविला गेला. ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपांना, आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर करमणुकीसाठी ती जागा वापरण्याचा हक्क गावकऱ्यांना, असा तो व्यवहार. १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने ती जमीन हातची घालविली. ससे पाळणारे व्यापारी तेथे आले आणि खेळणारे व ससेवाले यांच्यात वीस-बावीस वर्षे तंटा चालला. १८२१ साली एका जमीनदाराने जमीन विकत घेऊन तो मिटविला. पुढे १८९४ च्या कायद्याने ते मैदान पुन्हा गावाच्या ताब्यात आले आणि १९७४ पासून एक सार्वजनिक विश्वस्त मंडळ ते सांभाळते. म्हणजे ज्या खेळाला आपण आज उंच कुंपणाआडचा खेळ समजतो, त्याचे सर्वांत जुने आणि मानाचे मैदान गावाच्या सामाईक जमिनीवर आहे.

अशा जमिनीवर जन्मलेल्या खेळाचा नियमही तसाच झाला. मैदान जसे सापडेल तसे घ्यायचे आणि चेंडू जेथे पडला असेल तेथूनच मारायचा. चेंडू झाडाच्या मुळाशी अडकला तर फांदी मोडून वाट करायची नाही. खळग्यात गेला तर खळगा बुजवायचा नाही. एरवीच्या खेळात पंचही नसतो; आपण किती टोले मारले ते ज्याचे त्याने प्रामाणिकपणे लिहायचे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मुलांसमोर ठेवण्यासारखे उदाहरण आहे हे. जे वाट्यास आले ते जागचे न हलविता तेथूनच पुढे जायचे, आणि कोणी पाहत नसताना खरे लिहायचे.

एवढे ध्यानात घेतले, म्हणजे आजच्या पुष्कळशा निसर्गरम्य मैदानांत काय बिघडले आहे ते कळते. अठरा होलचे मैदान म्हटले की सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते. डोंगरउतारावर तेवढी सपाटी नसते. मग बुलडोझर चढतात. टेकडी कापतात, ओहोळ वळवितात, तळे खणून तळाशी प्लास्टिक अंथरतात, मुरमावर बाहेरची माती पसरून वर दुसरीकडचे गवत लावतात. शेवटी पाहणाऱ्यास वाटते, देवाने हे असेच घडविले! खेळाडू नियमाप्रमाणे चेंडू जागचा हलवीत नाही. पण त्याच्यासाठी डोंगर आधीच हलविलेला असतो. आपल्या तरुणाने जे पाहिले त्यातले ढग आणि दरी खरी होती. पायाखालच्या हिरवळीविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

हे असेच करावे लागते असे नाही. आपल्या देशात हा खेळ दोनशे वर्षांचा होत आला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. पूर्वी कोरड्या मुलखातल्या पुष्कळ छावण्यांत आणि लहान गावांच्या क्लबांत हिरवळ राखण्याइतके पाणी नसे. मग त्या लोकांनी काय करावे? होलभोवतालची जागा वाळूत तेल कालवून चोपून बसविली आणि तिला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' म्हणू लागले. मैदान पावसाळ्यात हिरवे, उन्हाळ्यात पिवळे. त्या साहेबलोकांविषयी आम्हांस एरवी फारसे प्रेम नाही, पण ही गोष्ट त्यांच्या शहाणपणाची होती. जमिनीने जेवढे दिले तेवढ्यात त्यांनी खेळ बसविला. आज 'ब्राऊन' म्हणजे कमीपणा वाटतो. दूरचित्रवाणीवर परदेशातली गडद हिरवी मैदाने पाहून आपल्या डोळ्यांना मे महिन्यातही हिरवाच रंग हवासा वाटू लागला आहे, आणि हे केवळ गोल्फपुरते नाही.

या हिरव्या रंगाला पाणी लागते ते किती, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. एक हेक्टर जागेवर पाण्याचा ५ मिलिमीटरचा थर द्यायचा म्हणजे ५०,००० लिटर. कडक उन्हाळ्यात जमिनीतून आणि गवतातून रोज सहज एवढे पाणी उडून जाते. मैदानाची २० हेक्टर हिरवळ तशी भिजविली तर दिवसाला १० लाख लिटर झाले. शहरी नळयोजनेत माणशी १३५ लिटर धरतात. त्या मापाने ते सुमारे ७,४०० माणसांचे एका दिवसाचे पाणी. काही ठिकाणी शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात, आणि तसे असेल तर हा आक्षेप बराच कमी होतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण ते तसे आहे का, हे विचारल्याशिवाय कसे कळणार?

इंदूरकरांना पाण्याचे मोल नव्याने सांगावे असे नाही. १९७८ पासून आमच्या नळाला नर्मदेचे पाणी येते. मंडलेश्वराजवळ जलूद येथे ते उपसतात आणि सुमारे ७० किलोमीटर दूर, विंध्याचा चढ चढवून येथवर आणतात. म्हणजे येथल्या लॉनवर सोडलेली प्रत्येक बादली विजेच्या जोरावर डोंगर चढून आलेली असू शकते. महाराष्ट्रातील वाचकांना २०१६ चा एप्रिल आठवत असेल. लातूरला प्यायला पाणी नव्हते, म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश दिला. त्या वेळी पुष्कळ लोक रागावले. सामने हलवून लातूरच्या घागरी भरणार का, असे ते विचारीत. भरणार नव्हत्या, हे खरेच. पण शेजारच्या घरी प्रेत असताना आपण वाजंत्री थांबवितो, ती काही त्याने मेलेला उठेल म्हणून नव्हे. न्यायालयाने क्रिकेटला वाईट म्हटले नाही. हा काळ आणि ही जागा त्यासाठी नाही, एवढेच ठरविले. स्कॉटलंडच्या त्या जुन्या वडिलांचा न्याय याहून फारसा वेगळा नव्हता.

पाण्याहून कठीण प्रश्न जमिनीचा. येथे आपण दुसऱ्या उत्तराकडे येतो: डोंगर देवाचा, पाहून आनंद मानावा. पण डोंगर नुसता देवाचा नसतो. त्यावर कोणी तरी राहत असतो.

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाला चिकटून तेरेखोल नावाचे लहानसे गाव आहे. नदीने ते उरलेल्या गोव्यापासून तोडलेले. केरीहून फेरीबोटीने जावे लागते. टोकावर किल्ला, किल्ल्यात संत आंतोनीचे चर्च, खाली समुद्र. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. जागा अशी, की कोणाही प्रवाशाचे पाय तेथून निघू नयेत. या गावच्या पठारावर गोल्फचे मैदान आणि हॉटेल करण्याचा बेत पुढे आला. जमीनमालकांकडून जमीन विकत घेतली गेली होती. पण गावातली माणसे, बहुतेक ख्रिस्ती, त्याच जमिनीवर काजूची झाडे राखून पोट भरीत आली होती. आम्ही येथली कुळे आहोत, आम्हांला न विचारता ही जमीन विकली कशी, असे त्यांचे म्हणणे. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आहे. आणि त्या कायद्याने कुळाची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, असा १९९१ चा स्वतंत्र कायदाही आहे. प्रकरण न्यायालयांत आणि हरित न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१५ च्या सुमारास झाडे तोडण्यावरून गावात मोठा तणाव झाला.

हे वाचताना नाबोथाची आठवण कोणाला होणार नाही? आपण मुलांना ती गोष्ट सांगतो तेव्हा ईजबेलीचे कपट, खोटे साक्षीदार, दगडमार, यांवर भर देतो. मुलांना तेच आवडते. पण गोष्टीच्या आरंभाकडे फारसे लक्ष जात नाही. अहाबाचा हेतू काय होता? त्याला किल्ला बांधायचा नव्हता. वाड्याशेजारी भाजीचा मळा करायचा होता. याहून निरुपद्रवी काय असेल? आणि त्याने देऊ केले तेही कमी नव्हते: याहून चांगला द्राक्षमळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या बाजारात या बोलणीला कोणी अन्याय म्हणणार नाही. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती जमीन त्याच्या हिशेबी मालमत्ता नव्हती, पूर्वजांनी सोपविलेली ठेव होती. हेतू चांगला आणि किंमत वाजवी असूनही मागणी चुकीची असू शकते, हे त्या गोष्टीचे पहिले पाऊल आहे, खून पुढचा. तेरेखोलमध्ये खून झाला असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. कोणाचा दावा कायद्याने किती बसतो, ते न्यायालयाने पाहावे. आम्ही एवढेच म्हणतो, की 'निसर्गरम्य' या शब्दात माणसे पुसून टाकण्याची खोड आहे. जाहिरातीतल्या चित्रात समुद्र असतो, पठार असते, सूर्यास्त असतो. काजू वेचणारी बाई नसते.

दुसरी एक व्यक्ती या चित्रात बहुधा नसते, ती म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी. दिल्लीच्या मैदानावर कॅडीच्या घरात वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस.एस.पी. चौरासिया याने ती स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी दोनदा जिंकली. कुंपणाच्या आतल्या माणसालाही मैदान मिळाले तर काय होते, ते यावरून दिसते. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच, ही गोष्ट वेगळी.

तर मग त्या तरुणाला काय सांगावे? आमच्या मते त्याचा आनंद खोटा नव्हता. त्यावर पाणी ओतण्याचे कारण नाही. ढग पाहून मन भरून येणे हे पापाचे लक्षण असेल तर अर्धी स्तोत्रे वगळावी लागतील. आणि हेल्परच्या घराचा तो हिशेब, जो त्याला आनंदाचा विटाळ वाटला, तोही खोटा नव्हता. दोन्ही एकाच मनात एकाच वेळी आले, याचाच आम्हांस संतोष वाटला. असा माणूस पुढच्या वेळी गेला तर यजमानांना विचारील: येथले पाणी कोठून येते? ही जमीन आधी कोण कसत होते? कुंपणाबाहेरच्या गावाला येथून जायला वाट आहे का? उत्तरे चांगली मिळाली तर त्याने मनमुराद खेळावे. काही ठिकाणी ती खरोखरच चांगली मिळतील. शिलाँगचे मैदान पाइनच्या दरीत तिच्या चढउतारांसकट बसविले आहे आणि गावकरी तेथे फिरायला येतात. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान तर मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळाला बंद असते. एकोणिसाव्या शतकात त्याची निगा राखणारे वृद्ध टॉम मॉरिस म्हणत, असे सांगतात, की तुम्हांला विसावा नको असेल, पण मैदानाला हवा आहे. त्या दिवशी आयाबाया मुलांना घेऊन, कुत्री घेऊन त्या हिरवळीवरून फिरतात. जमिनीलाही शब्बाथ असतो, हे लेवीयाच्या पुस्तकात आपण वाचतो; तेथे तो पाळला जातो.

उत्तरे टाळाटाळीची मिळाली तर काय, ते आम्ही सांगत नाही. नोकरी त्याची आहे, वरिष्ठ त्याचे आहेत. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, आणि येथे बसून दुसऱ्याला शूर व्हायला सांगणे सोपे असते.

एक गोष्ट मात्र राहून गेली, ती सांवेर रोडचीच. ज्या कारखान्यांच्या कमाईतून अशा सहली निघतात त्या भागातून कान्ह नदी जाते. गावाचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन ती उत्तरेकडे सांवेरच्या बाजूने निघते आणि उज्जैनच्या अलीकडे शिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी यात्रेकरूंच्या स्नानात मिसळू नये, म्हणून मोठा नळ घालून ते उज्जैनला वळसा देऊन पलीकडे सोडण्याची योजना केली गेली. आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, त्याचा आम्हांला अभिमान आहे; रस्त्यावर कागद टाकताना आता लहान मूलही थबकते. पण नदीची गोष्ट रस्त्याहून अवघड निघाली. येथे नदी मळवायची आणि पाचशे किलोमीटरवर जाऊन पैसे भरून ओढा पाहायचा, असा आपला व्यवहार बसला आहे, आणि त्यात वाईट माणूस असा कोणी दाखविता येत नाही.

आपला चेंडू येथे पडला आहे, या धुरळ्यात, या काठावर. तरुण संघाच्या पुढच्या सहलीचे ठिकाण अजून ठरलेले नाही, असे समजते. शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गातील मुलांना घेऊन एखाद्या शनिवारी सकाळी कान्हच्या काठाने जेवढे चालता येईल तेवढे चालावे, कोणता नाला कोठे मिळतो ते वहीत लिहून घ्यावे, असे आम्ही पाळकसाहेबांना सुचविले आहे. पायांत बूट घालून यावे लागेल.